जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकावर दिसत नाही: फॉरमॅटच्या प्रश्नाला होकार देण्यापूर्वी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेले जुने संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. तेव्हापासून जळगाव, भुसावळ आणि धुळे या पट्ट्यात माझ्याकडे येणाऱ्या कामांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. नवा संगणक घेतला, जुन्या डब्यातली हार्ड डिस्क काढून त्याला जोडली, आणि आता ती एक तर दिसतच नाही, किंवा दिसते पण वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल असे विंडोज सांगते. हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत रावेर-यावलकडचे केळीचे व्यापारी असतात, लग्नाचे फोटो काढणारे असतात, जिनिंगचे हिशेबनीस असतात. बहुतेकांनी माझ्याकडे येण्यापूर्वी दोन-तीन उपाय करून पाहिलेले असतात, आणि खरी अडचण अनेकदा त्या उपायांनीच वाढवलेली असते.

डिस्क स्वतः बिघडून डेटा जाण्याच्या घटना मी पाहिल्या आहेत, पण धडधाकट डिस्कवरचा डेटा समोर आलेल्या प्रश्नाला घाईने होकार दिल्यामुळे गेल्याच्या घटना त्याहून अधिक पाहिल्या आहेत. म्हणून उपाय शोधण्याआधी डिस्क नेमकी कोणत्या टप्प्यावर अडली आहे हे ठरवावे, असा माझा आग्रह असतो. तिला वीज मिळते का, मदरबोर्डला ती दिसते का, विंडोजला दिसते का, तिच्यावरचे विभाजन (पार्टिशन) वाचता येते का, आणि फोल्डर उघडतात का, हे प्रश्न याच क्रमाने विचारायचे आहेत. उत्तर मिळेपर्यंत जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाता कामा नये.

वीज आणि केबल

डिस्क अजिबात दिसत नसेल तर प्रथम कान तिच्याजवळ नेऊन ऐकावे, किंवा हाताला तिचे फिरणे जाणवते का ते पाहावे. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे तिला यूएसबी केबलमधून येणारी वीज पुरू शकते. डेस्कटॉपमधील साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. बाजारात स्वस्तात मिळणारी साधी यूएसबी-साटा केबल (साटा म्हणजे आजच्या हार्ड डिस्कची जोडणी) घेऊन तिला साडेतीन इंची डिस्क लावणे, ही मला सर्वाधिक वेळा दिसलेली चूक आहे. अशा डिस्कसाठी स्वतंत्र अडॅप्टर असलेला डॉक किंवा केसिंग हवे.

अडीच इंची डिस्कही काही वेळा अडते, कारण फिरायला सुरुवात करताना ती क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढते. यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चे ९०० मिलिअँपिअर देईल एवढेच मानकात धरलेले आहे. डब्याच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आत एका लांब वायरने जोडलेले असल्यामुळे तिथे थोडी वीज आणखी कमी पडते. डिस्क टिक असा आवाज करून थांबत असेल, पुन्हा टिक करत असेल, तर ती खराब झाली असे समजण्यापूर्वी मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला आखूड केबलने लावून पाहावी. माझ्याकडे ‘मेलेल्या’ म्हणून आलेल्या कित्येक डिस्क एवढ्यानेच चालू झाल्या आहेत.

२००३ च्या सुमारास साटा आली. त्यापूर्वीच्या संगणकांत ४० पिनांची रुंद चपटी पट्टी असलेली आयडीई डिस्क असे. नव्या मदरबोर्डवर त्या पट्टीसाठी जागाच नसते, म्हणून आयडीई आणि साटा दोन्ही घेणारा यूएसबी अडॅप्टर वापरावा. डिस्कच्या मागे असलेला छोटा जंपर ‘स्लेव्ह’वर असेल तर तो ‘मास्टर’वर आणावा, त्याचा नकाशा बहुधा डिस्कवरच्या लेबलवर छापलेला असतो. पिना वाकड्या झाल्या असतील तर कनेक्टर जोराने बसवू नये.

मोठ्या क्षमतेची बाह्य डिस्क केसिंगमधून काढून थेट डब्यात बसवली आणि ती फिरतच नसेल, तर कारण वेगळे असू शकते. नव्या मानकात साटा वीज-कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्याचा इशारा देण्यासाठी राखली आहे. जुन्या पॉवर सप्लायमधून त्या पिनवर ३.३ व्होल्ट येत राहतात, आणि डिस्क आज्ञाधारकपणे बंदच राहते.

नवा संगणक जुन्या डिस्कवरून सुरू होणे

डिस्क डब्यातच कायमची बसवायची असेल तर दोन सापळे आहेत. पहिला सोपा आहे. जुन्या डिस्कवर जुने विंडोज अजून जिवंत असते आणि बायोसमधील (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेतील) क्रमानुसार संगणक कधी कधी त्यावरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करतो. मग निळा पडदा येतो किंवा सतत रीस्टार्ट होत राहते. बायोसमध्ये जाऊन नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) पहिल्या क्रमांकावर आणली की हा प्रश्न मिटतो.

दुसरा सापळा काही महिन्यांनी उघडा पडतो. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर विंडोज आपला सुरू होण्याचा भाग जुन्या डिस्कवर ठेवू शकते. पुढे कधी तरी ती जुनी डिस्क काढली किंवा ती बिघडली, तर उत्तम स्थितीतला नवा संगणकही सुरू होत नाही. म्हणून विंडोज टाकताना फक्त नवीच डिस्क जोडलेली असावी.

जुनी डिस्क आत बसवून पहिल्यांदा संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर डिस्क तपासणीची सूचना आली, तर दिलेल्या काही सेकंदांत कोणतीही कळ दाबून ती तपासणी थांबवावी. ती तपासणी डिस्कवर बदल करते. डेटा दुसरीकडे पोहोचेपर्यंत आपल्याला कोणताही बदल नको आहे.

डिस्क मॅनेजमेंट काय सांगते

बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये ती नाही, अशा वेळी स्टार्ट बटणावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. उघडताच ‘डिस्क इनिशियलाइज करा’ अशी चौकट आली तर ‘कॅन्सल’ दाबावे, आणि मग खालच्या पट्ट्या शांतपणे वाचाव्यात.

विभाजन ‘हेल्दी’ आहे पण त्याला सी, डी असे अक्षर नाही, एवढेच असेल तर त्याला मोकळे अक्षर द्यावे आणि काम संपले. डिस्क ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर बहुधा ती दुसऱ्या जोडलेल्या डिस्कचीच क्लोन प्रत आहे आणि दोघींची ओळखखूण एकसारखी आहे. अशा वेळी दुसरी डिस्क काढून ठेवून हिला एकटीला जोडणे हा सर्वांत निरुपद्रवी मार्ग आहे. ‘फॉरेन’ लिहिलेले असेल तर जुन्या संगणकात डायनॅमिक डिस्क वापरली होती. तिथे दोन डिस्क मिळून एक विभाजन केलेले असण्याची शक्यता असल्यामुळे, जुन्या डब्यातल्या सगळ्या डिस्क एकत्र जोडल्याशिवाय ‘इम्पोर्ट’ करू नये.

मुख्य घोळ होतो तो ‘रॉ’ किंवा ‘नॉट इनिशियलाइज्ड’ या दोन शब्दांपाशी. विंडोजच्या बाजूने त्यांचा अर्थ एवढाच असतो की या डिस्कवरची मांडणी मला समजत नाही. डिस्क रिकामी आहे असा तो निर्वाळा नव्हे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधील डिस्क किंवा लिनक्सवर वापरलेली डिस्क जोडली तरी विंडोज तोच फॉरमॅटचा प्रश्न विचारते. एका पेट्रोल पंपाच्या डीव्हीआरमधील डिस्क एकाने अशीच माझ्याकडे आणली होती. ती परत डीव्हीआरमध्ये लावून त्याच्याच मेनूतून चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेणे एवढाच त्यावर उपाय होता.

चोपड्याकडच्या एका छायाचित्रकाराचे उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात अडकणारे बरेच असतात. त्याच्याकडे ३ टेराबाइटची बाह्य डिस्क होती. विजेच्या चढ-उतारात तिच्या केसिंगचे सर्किट जळले. त्याने डिस्क बाहेर काढून थेट नव्या संगणकाच्या साटा पोर्टला लावली, तेव्हा ती व्यवस्थित फिरली, बायोसमध्ये पूर्ण क्षमतेसह दिसली, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र तिच्यावर काहीच नव्हते. पाच लगीनसराया पुसल्या गेल्या असे वाटून तो हवालदिल झाला होता.

प्रत्यक्षात एकही फोटो हललेला नव्हता. विभाजनांचे पत्ते नोंदण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटांचे सेक्टर (डिस्कवरचे सर्वांत लहान कप्पे) धरले तर २ टेराबाइटांपलीकडे मोजता येत नाही. विंडोज एक्सपीवरही मोठी डिस्क चालावी म्हणून अशा अनेक केसिंगमधील सर्किट संगणकाला ४०९६ बाइटांचे सेक्टर असल्याचे सांगत असे, आणि विभाजनांचे सगळे पत्ते त्याच मापाने लिहिले जात. थेट जोडल्यावर डिस्क स्वतःचे ५१२ चे माप सांगते, त्यामुळे तोच पत्ता आठपट चुकीच्या जागी नेतो. शेताचा उतारा बिघ्यात लिहिलेला असावा आणि मोजणीदाराने तो गुंठ्यांत वाचावा, तसा हा प्रकार आहे. त्याच मॉडेलचे जुने केसिंग मिळवून डिस्क त्यात बसवली तेव्हा सगळे फोल्डर जागेवर होते. काही केसिंगमधील सर्किट डेटा कुलूपबंदही करून ठेवते, आणि तिथे तर मूळ सर्किटाशिवाय मार्गच नसतो. म्हणून बाह्य डिस्कचे केसिंग ‘आता काय कामाचे’ म्हणून भंगारात देऊ नये.

ज्यांनी आधीच ‘इनिशियलाइज’ किंवा ‘क्विक फॉरमॅट’ दाबले आहे त्यांनीही लगेच आशा सोडू नये. फिरत्या हार्ड डिस्कवर या दोन क्रियांनी बहुधा अनुक्रमणिका नवी लिहिली जाते, मजकूर तिथेच राहतो, आणि टेस्टडिस्कसारख्या मोफत साधनाने तो बऱ्याचदा परत मिळवता येतो. अट एकच: त्यानंतर त्या डिस्कवर काही कॉपी केलेले नसावे, आणि परत मिळवलेला डेटा दुसऱ्याच डिस्कवर घ्यावा. एसएसडीवर मात्र हा दिलासा धरून चालू नये, कारण तिथे फॉरमॅट करताना रिकामी ठरलेली जागा खरोखरच पुसली जाऊ शकते.

डिस्क उघडते, फोल्डर उघडत नाही

जुन्या संगणकातील ‘युजर्स’ फोल्डर उघडताना परवानगी नाकारली जाते, हे बिघाडाचे लक्षण नाही. विंडोज वापरकर्त्याला नावाने ओळखत नाही, एका लांबलचक क्रमांकाने ओळखते. नव्या संगणकावर आपण तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला तरी क्रमांक वेगळा असल्यामुळे जुन्या फाइलींच्या दृष्टीने आपण परकेच असतो. ‘कंटिन्यू’ दाबल्यावर विंडोज एकेका फाइलीची परवानगी बदलत जाते. लाखभर फाइली असतील तर त्याला बराच वेळ लागतो, आणि तो बदल जुन्या डिस्कवरच लिहिला जातो. डिस्क निरोगी असेल तर हरकत नाही. ती कुरकुरत असेल तर पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखे लिनक्स सुरू करावे, कारण ते विंडोजच्या या परवानग्या सहसा विचारात घेत नाही.

डिस्कच्या चित्रावर कुलूप दिसत असेल तर ती बिटलॉकरने बंद केलेली आहे आणि तिला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. अनेक नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश करताच हे कुलूप मालकाच्या लक्षात न येताच लागलेले असते आणि की त्या खात्यात साठवलेली असते. त्यामुळे लॅपटॉप उघडून डिस्क काढण्यापूर्वी, तो सुरू होत असतानाच, की कागदावर उतरवून घ्यावी. की नसेल तर कोणताही कारागीर ती डिस्क उघडू शकत नाही, आणि उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

कॉपी मध्येच थांबते किंवा फार हळू चालते

आधी अपेक्षा तपासावी. यूएसबी २.० वरून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ मेगाबाइट मिळतात, म्हणजे १ टेराबाइट हलवायला आठ-नऊ तास लागणारच. थेट साटाला जोडल्यास हेच काम सुमारे तीन तासांत होते. लहान फाइली हजारोंनी असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो. वेग मध्येच शून्यावर येऊन डिस्क कटकट आवाज करत असेल, तर कॉपी थांबवून क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनात तिची प्रकृती पाहावी. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ हे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर डिस्क खरोखर थकली आहे. ‘सीआरसी एरर’चा आकडाच वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो आणि नव्या केबलने काम भागते.

थकलेल्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो मान्य नाही. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करते, त्या वाचवणे हे तिचे कामच नव्हे, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून ती तासन्‌तास काम करून घेते. अशा वेळी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अडलेले भाग नंतरसाठी बाजूला ठेवते, आणि नोंदवही ठेवत असल्यामुळे लाइट गेली तरी पुढे तिथूनच सुरू करता येते.

आपल्याकडे यात उन्हाळ्याचा भाग मोठा आहे. डेस्कटॉप डिस्कची कमाल मर्यादा साधारणतः ६० अंश असते. मे महिन्यात भुसावळला बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या गाळ्यात बंद केसिंगमधली डिस्क सलग आठ तास चालवली, तर ती त्या मर्यादेपर्यंत सहज पोहोचते. मोठी कॉपी मी पहाटे सुरू करतो, डिस्क उघड्यावर सपाट ठेवतो, समोर पंखा लावतो, आणि संगणक व डिस्कचा अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर घेतो. चालू डिस्क हलवायची नाही, एवढे मात्र घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवावे लागते.

डिस्क ठीक असूनही काही ठरावीक फाइलीच अडत असतील तर कारण बहुधा नाव असते. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० चिन्हांची आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. ‘केळी’ हा आपल्याला दोन अक्षरांचा वाटणारा शब्द तिथे चार चिन्हांचा होतो. फोल्डरात फोल्डर करून त्यांना सविस्तर मराठी नावे दिलेली असतील तर मर्यादा लवकर ओलांडली जाते. डेटा ‘डेस्कटॉप’वर न ठेवता थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी, आखूड नावाच्या फोल्डरात घ्यावा. नव्या विंडोजमध्ये ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ ही ठिकाणे अनेकदा वनड्राइव्हला जोडलेली असतात. तिथे मोफत जागा ५ गीगाबाइटच असते, त्यामुळे तिथे डेटा टाकला की जागा संपल्याचा वेगळाच तगादा सुरू होतो.

फाइली आल्या, पण चालत नाहीत

अमळनेरच्या एका डीटीपी चालकाने लग्नपत्रिकांचे पंधरा वर्षांचे काम नव्या संगणकावर नेले, आणि एकही पत्रिका वाचता येईना. अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला झाला होता. फाइली खराब झालेल्या नव्हत्या. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवरच मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नसेल तर खालची अक्षरे उघडी पडतात. जुन्या डिस्कवरील विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरातून ते फाँट नव्या संगणकावर आणले की मजकूर पूर्ववत दिसतो. केवळ डॉक्युमेंट उचलून जुनी सी ड्राइव्ह पुसून टाकणाऱ्यांना हे फार उशिरा कळते.

टॅलीच्या बाबतीत प्रोग्रॅम नव्याने टाकावा आणि डेटा फोल्डरातील अंकांच्या नावाचे कंपनी-फोल्डर जसेच्या तसे न्यावेत. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ कॉपी करून प्रोग्रॅम सहसा चालत नाहीत. ब्राउझरमधील साठवलेले पासवर्डही फोल्डर उचलून येत नाहीत, कारण ते जुन्या वापरकर्त्याच्या खात्याशी कुलूपबंद असतात. जुना संगणक चालू असतानाच ते बाहेर काढून घ्यावेत.

कापसाच्या जिनिंगमध्ये किंवा वजनकाट्यावर डॉसमधील हिशेबाचा प्रोग्रॅम असेल, तर तो विंडोज ११ वर सरळ चालणार नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे आणि त्यात १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. डॉसचे वातावरण उभे करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये तो चालवून पाहता येतो. निदान डीबीएफ प्रकारच्या जुन्या नोंदी तरी लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडता येतात.

जुनी डिस्क केव्हा मोकळी करावी

एकदा दोन सारख्याच कंपनीच्या, सारख्याच क्षमतेच्या डिस्क समोर ठेवून मी क्लोन करायला बसलो आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली. ग्राहक भला माणूस होता, त्याच्याकडे डीव्हीडीवर बरेचसे काम होते, म्हणून निभावले. तेव्हापासून जुन्या डिस्कवर लाल मार्करने ‘जुनी’ असे लिहिल्याशिवाय आणि पडद्यावरचा अनुक्रमांक लेबलशी ताडून पाहिल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. शक्य तिथे विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनातून जुनी डिस्क रीड-ओन्ली करून घेतो, म्हणजे हात चुकला तरी संगणक नकार देतो.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांतील फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते पाहावे, आणि प्रत्येक वर्षातली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. आकडे जुळले तरी मी जुनी डिस्क लगेच पुसू देत नाही. हिशेबाची डिस्क असेल तर एक मार्चअखेर नव्या संगणकावरून पार पडू द्यावी, कारण विसरलेले फोल्डर तेव्हाच आठवतात. तोवर ती अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, इन्व्हर्टरपासून दूर ठेवावी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला एकदा जोडून ती फिरते का ते पाहावे आणि पाहिल्याची तारीख पिशवीवर लिहावी.